मुक्या स्लाइडवरची पिवळी गाडी

माझे मोठे दीर आयुष्यभर डिफेन्स फॅक्टरीत लेथवर होते. जे हाताला लागत नाही त्याला ते काम मानतच नाहीत. मी कमी नजरेच्या मुलांच्या शाळेत हलत्या चित्रांच्या स्लाइड्स करते म्हटल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे रेडिओवर फोटो दाखवून राहिली म्हण ना तू." घरातले सगळे इतके हसले की मलाही हसू आवरेना. पण मनात म्हटलं, थांबा जी, एक दिवस सांगीन. यंदा इथल्या मराठी मंडळातले दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागले, तर आता सांगून टाकते. भाऊजी, चष्मा लावा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण ज्या पोराला सरसकट आंधळं म्हणून मोकळे होतो, त्याला बहुतेक वेळा काहीतरी दिसत असतं. कुणाला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. कुणाला नळीतून पाहिल्यासारखं इवलंसं दिसतं. आणि काही मुलांचे तर डोळे तुमच्या-माझ्यासारखे ठणठणीत असतात. डॉक्टर बॅटरी मारून बघतो आणि म्हणतो, डोळ्यात दोष नाही. घोळ मेंदूत असतो. डोळ्यांनी पाठवलेलं त्याला उलगडत नाही. अशा मुलाला भरल्या ताटातली पोळी सापडत नाही, पण अंगणातून पळालेली कोंबडी कळते. मग गावातले लोक म्हणतात, नाटक करते. ह्या मुलांना बघायला शिकवावं लागतं, जसं आपण बोलायला शिकवतो तसं. आमचा सगळा खटाटोप त्यासाठी होता.

मी काही ह्या कामाचं शिक्षण घेऊन आलेली नाही. आमच्या शहराच्या गढा भागातल्या एका दुकानात मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करत होते. नवरा-नवरीची नावं गरगर फिरत यायची, त्यातून बदाम उडायचे, बदामातून गुलाब, आणि गुलाबावर चमचम. भेडाघाटच्या पलीकडे कधी न गेलेल्या नवरदेवाला कापून मी काश्मीरच्या बर्फात उभं करायची. घोडी पडद्यावर डावीकडून आली तर बँडही डाव्या स्पीकरमधून वाजला पाहिजे, इतकी मला हौस. अख्ख्या गढ्यात माझ्यासारखी चमचम कुणाची नव्हती, हे मी आजही छाती ठोकून सांगते.

एक दिवस पांडे मॅडम भाच्याच्या लग्नाची सीडी घ्यायला दुकानात आल्या. त्या ह्याच शाळेत कमी दिसणाऱ्या मुलांचा वर्ग चालवत. माझ्या कॉम्प्युटरवर उडणारी नावं बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, खूश झाल्या. तर विचारतात काय, ह्यातलं सगळं काढून एकच गोष्ट काळ्यावर हळूहळू हलवता येईल का? मी म्हटलं, मॅडम, एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला. पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, आणि गेले ती गेलेच. रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले.

पहिली स्लाइड सफरचंदाची. मी मन लावून केली होती, पानांची नक्षी, मागे निळं आकाश, सफरचंदावर चमचम. मुलं भिंतीकडे बघत बसली. पांडे मॅडमनी शांतपणे सांगितलं, "मंदा जी, बारात हटाइए, बैंड हटाइए, बस दूल्हा रहने दीजिए." मग नक्षी गेली, आकाश गेलं. काळीकुट्ट स्लाइड आणि तिच्यावर एक लाल सफरचंद. पुढच्या बाकावरचा एक मुलगा पुढे झुकला. मी आयुष्यात इतकी चित्रं सजवली, पण काढून टाकण्यात एवढी मजा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हलण्याचं महत्त्व मात्र महाराजपूरच्या दीपकने शिकवलं. त्याच्यासाठी पडदाभर पिवळा हत्ती केला होता. तो हत्तीकडे ढुंकून बघेना, आणि मधूनच हसायचा. मला राग आला, म्हटलं, हत्ती काय हसण्यासारखा आहे का रे? मग लक्षात आलं की मी क्लिक करायला माऊस हलवला की तो हसतो. पडद्यावरचा मोठा केलेला पांढरा बाण इकडून तिकडे जायचा, आणि हा लेकाचा बाण बघत होता. उभ्या हत्तीपेक्षा पळता बाण भारी. त्या दिवसापासून आमचे हत्ती, सफरचंद, घड्याळं, सगळे चालायला लागले.

आता सलोनीची गोष्ट. खरं तर हीच सांगायची होती.

सलोनी सात वर्षांची, शहपुऱ्याच्या पुढच्या एका गावची. तिचे वडील गोविंद भैया मटार मंडईत पोचवायची पिवळी लोडिंग गाडी चालवायचे. मुलीचे डोळे टपोरे, सुंदर, डॉक्टरच्या लेखी निर्दोष. पण ती भिंतीला हात लावल्याशिवाय एक पाऊल चालत नसे, आणि समोर धरलेला लाडू तिला दिसत नसे. गावातले म्हणायचे, नखरे आहेत. आजी म्हणायची, घरी बसू दे, माझ्याजवळ बसून राहील. आईचा जीव मुलीला हॉस्टेलमध्ये ठेवायला धजत नव्हता. गोविंद भैयांनी सगळ्यांशी भांडून तिला आणलं होतं, पण त्यांचाही धीर सुटत आला होता. ते पांडे मॅडमना म्हणाले, मटारचा सीझन संपेपर्यंत ठेवतो. तोवर हिला काही एक तरी दिसतंय असं मला दाखवा. नाही दाखवता आलं, तर घेऊन जाईन. माणूस गरम नव्हता, थकलेला होता. मॅडमनी कबूल केलं.

आम्ही दोघी कामाला लागलो. मोठा टीव्ही, काळी स्लाइड, पिवळा चेंडू. चेंडू डावीकडून किंवा उजवीकडून यायचा आणि तिने त्याच्यावर हात ठेवायचा. पहिले काही दिवस ती नुसती बसून. मग पांडे मॅडम म्हणाल्या, तिचं लक्ष तरी वेधलं पाहिजे, थोडा आवाज द्या. अहो, आवाज म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. लग्नाच्या व्हिडिओतली सगळी हौस बाहेर पडली. चेंडू डावीकडून आला की डाव्या स्पीकरमधून ट्रिंग, उजवीकडून आला की उजव्यातून ट्रिंग. असं गोड ट्रिंग केलं होतं की बस.

आणि सलोनीचा हात जायला लागला! डावीकडे चेंडू, डावीकडे हात. उजवीकडे चेंडू, उजवीकडे हात. एकदा नाही, दरवेळी. पांडे मॅडम, ज्या कधी खुर्चीतून उठत नसत, त्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन खोव्याची जलेबी घेऊन आले. मॅडमनी त्याच उत्साहात गोविंद भैयांना फोन लावला, आणि पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. आम्हीही रडलो. मग परत जलेबी खाल्ली.

पुढे सव्वीस जानेवारी आली. आमच्या शाळेत फूलमती बाई सफाईला होत्या, आणि सण आला की त्या भिंतीतले खिळेसुद्धा उपटून पुसायच्या. त्यांनी आमची खोली लख्ख केली. दुसऱ्या दिवशी सलोनी टीव्हीसमोर बसली. चेंडू डावीकडून आला, ट्रिंग वाजलं, आणि हिने मोठ्या झोकात हात ठेवला उजवीकडे. पुढचा चेंडू उजवीकडून, हात डावीकडे. परत तेच. मॅडमना वाटलं, चिडली आहे, मुद्दाम करते. मी मात्र स्पीकरकडे बघत होते. डाव्या स्पीकरला मी खूण म्हणून लाल टेप लावली होती. ती लाल टेप आता उजव्या बाजूला होती. बाईंनी पुसून झाल्यावर इकडचा तिकडे ठेवला होता.

मी मॅडमना टेप दाखवली. त्यांनी दोन्ही स्पीकरची पिन उपटली आणि मला म्हणाल्या, चालू ठेवा. चेंडू आला, गेला, आला, गेला. सलोनी थोडा वेळ वाट बघत बसली. मग तिने विचारलं, "दीदी, लाइट चली गई क्या?"

पडद्यावर तिच्या तोंडाइतका पिवळा चेंडू फिरत होता आणि तिला वाटत होतं की वीज गेली. पोरगी इतके दिवस कानांनी खेळत होती, आणि आम्ही दोघी शहाण्या जलेब्या खात होतो. असला घोटाळा फक्त आमच्या धंद्यातच होऊ शकतो, की बघण्याच्या परीक्षेत ऐकून पास व्हावं आणि परीक्षकांनी पेढे वाटावेत. आज हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. सलोनीचं जमलं म्हणून मधल्या दिवसांत आम्ही आणखीही काही मुलं ट्रिंगवरच पास केली होती. त्यांना परत तपासायला घेतलं, पण त्यातली काही तोवर घरी निघून गेली होती. ती रुखरुख माझ्या मनातून गेली नाही.

पांडे मॅडमनी गोविंद भैयांना परत फोन करून जसं होतं तसं सांगितलं. लपवालपवी त्यांना जमतच नसे. भैया म्हणाले, काही हरकत नाही, शेवटची फेरी मारून झाली की घ्यायला येतो. मॅडमनी रिसीव्हर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग तिथूनच म्हणाल्या, "चेंडू आपला आहे. तिचं काय आहे, ते आपण विचारलंच कुठे?" बोलल्या हिंदीत, पण मला ते आपल्या मराठीतच आठवतं.

मी दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन शहपुऱ्याची बस धरली. निघताना नवऱ्याने विचारलं, काहून एवढी धावपळ करून राहिली? त्याला म्हटलं, आल्यावर सांगते. गोविंद भैया फेरीवर गेले होते. सलोनीची आई सूपभर मटार सोलत बसली होती. मला बघून आधी तिला वाटलं, मुलीला काही झालं. समजूत घातल्यावर ती हळूहळू बोलायला लागली. सलोनीला काय आवडतं विचारलं तर म्हणाली, हिला काय आवडणार, बापाची गाडी आवडते, दुसरं काय. गाडी दारात आली की हात हलवते, निघाली की हात हलवते.

मी म्हटलं, भाभी, ती आवाजाने ओळखत असेल. माझं तोंड पोळलेलं, मी आता सगळं फुंकून पीत होते. तर आई सहज म्हणाली की थंडीत गाडी सेल्फ घेत नाही, मग हे सकाळी धक्का देत उतारावर नेतात, रस्त्याला लागल्यावर चालू होते. मी विचारलं, म्हणजे दारातून जाते तेव्हा बंद असते? हो, बंदच. आणि तेव्हा सलोनी काय करते? आई मटार सोलता सोलता म्हणाली, "तब भी हाथ हिलाती है." मग तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ज्या घरात मुलीला काहीच दिसत नाही म्हणत होते, त्याच दारात ती रोज सकाळी बघत होती. कुणी तिला बघणं म्हटलंच नव्हतं.

गोविंद भैयांची गाडी येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. आली तशी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. भैया बाजूला उभे राहून बघत होते. मी काही सांगितलं नाही, कारण एकदा खोटी खुशी देऊन झाली होती. परत निघताना त्यांनी माझ्या पिशवीत मटार भरले आणि म्हणाले, मॅडमना सांगा, त्यांच्यावर राग नाही.

मग माझी जुनी विद्या कामाला आली. ज्या हाताने नवरदेव कापून काश्मीरला पाठवले, त्या हाताने मी ती गाडी घरातून, झाडातून, कोंबड्यांतून सोडवून काळ्या स्लाइडवर ठेवली. आवाज नाही. चमचम नाही. फक्त पिवळी गाडी डावीकडून उजवीकडे. पहिल्यांदा जोरात पळवली, सलोनी ढिम्म. मग आईचं बोलणं आठवलं. ही गाडी तर धक्क्यावर जाते! मी वेग इतका कमी केला की मलाच जांभई आली. सलोनीची मान जराशी वळल्यासारखी वाटली. मी उडालेच. पण पांडे मॅडमनी मला दाबून बसवलं. म्हणाल्या, एकदा खूश होऊन बसलो आहोत, आता तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. आणि एक सक्त ताकीद दिली, की पडद्यावर काय आहे हे तिला कुणीही सांगायचं नाही. पुढचे दिवस ती नुसती मान वळवायची, तोंडातून शब्द नाही. आमचा जीव टांगणीला.

आणि गोविंद भैया आले. सीझन संपला होता. मुलीचे कपडे भरायला एक थैली घेऊन आले होते. मॅडमनी बोटाने खूण करून त्यांना दाराजवळ उभं केलं, बोलू दिलं नाही. गाडी अंगणात आली तेव्हा वर्गात गाणी चालू होती, म्हणून सलोनीला बाप आल्याचं कळलं नव्हतं. स्पीकरच्या पिना भिंतीपासून लांब लोंबत होत्या, ते मी स्वतः दोनदा तपासलं. खोलीतले पडदे ओढले. मी स्लाइड चालू केली.

गाडी डावीकडून निघाली. सरकत, सरकत. सलोनीची मान वळली. गाडी मधोमध आली. हिचे डोळे पडद्याच्या थोडे बाजूला, अशी मुलं बरेचदा सरळ बघत नाहीत, पण मान मात्र गाडीबरोबर चाललेली. गाडी उजव्या कडेला पोचली, आणि सलोनीने हात वर करून हलवला. मग म्हणाली, "पापा की गाड़ी बंद है. धक्का दे रहे हैं."

मी तुम्हाला काय सांगू! आवाज नव्हता म्हणून गाडी बंद, आणि सरकत होती म्हणून धक्का. जे दिसलं त्याचा तिने हिशोब लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं, ट्रिंग नव्हतं, काहीच नव्हतं. पांडे मॅडम ह्या खेपेला टाळ्या वाजवायलाही विसरल्या. मी तोंडात पदर कोंबून उभी. गोविंद भैया दारातून हलले नाहीत. त्यांनी हाताने खूण केली, परत. मी परत चालवली. परत तिने हात हलवला. मग त्यांनी थैली तिथेच चौकटीजवळ ठेवली आणि बाहेर निघून गेले.

मला वाटलं, रडायला गेले. आम्ही सलोनीला घेऊन व्हरांड्यात आलो, तर भैया अंगणात आपल्या गाडीपाशी. दार उघडं, एक हात स्टिअरिंगवर, खांदा चौकटीला लावलेला. इंजिन बंद. त्यांनी धक्का दिला. आमचं अंगण फाटकाकडे जरासं उतरतं, गाडी आवाज न करता सरकायला लागली. पिवळी, दुपारच्या उन्हात. सलोनीची मान वळली. तिने भिंतीवरचा हात काढला. आणि ही पोरगी पायरी चाचपून उतरली आणि गाडीच्या मागे चालायला लागली. भिंत नाही, कुणाचा हात नाही. पांडे मॅडम तिच्या मागे दोन हात पसरून, न शिवता.

फाटकाजवळ भैयांनी ब्रेक लावून मागे बघितलं. गाडी थांबली तशी सलोनीही थांबली. उभी गाडी तिला दिसेनाशी झाली होती. ती अंगणाच्या मधोमध हात चाचपडत उभी. भैयांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी लगेच पुढून धक्का देत गाडी मागे ढकलायला सुरुवात केली. चढावर एकट्याला जाईना. मी धावले, फूलमती बाई धावल्या, स्वयंपाकघरातली बाई हात पुसत आली. आम्ही सगळ्या मिळून ती गाडी वर ढकलली, ते उतारावर सोडायचे, आम्ही परत वर. सलोनी बाजूने चालत होती आणि बापाला सांगत होती, आता सुटली, आता थांबली, अजून जोर लावा. माझे खांदे चार दिवस दुखत होते.

भाऊजी, तर असं असतं रेडिओवर फोटो दाखवणं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे गोविंद भैयांनी गाडी चालू केली. शहपुऱ्याकडे निघताना त्यांच्या शेजारची जागा रिकामीच होती. त्यांनी आणलेली थैली आमच्या दाराच्या चौकटीजवळ पडून राहिली. जाताना त्यांनी गाडीतले शेवटचे मटार उतरवून दिले होते, ते रात्री मी तिच्यात भरून ठेवले.